पांढरं पडलं, मेलं नाही

आत्या, गजूभाऊ म्हणतात तुझा फोटो टाकायचा.

पत्रकाच्या वर, काळ्या चौकटीत. खाली ठळक अक्षरांत: उन्हाचा बळी. अर्ध्या वणीला तू प्राणिशास्त्र शिकवलंस, तुझा चेहरा दिसला की लोक थांबतील, कागद फेकून द्यायच्या आधी निदान वाचतील, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही ते. मजुरांच्या समितीत आल्यावर मला पत्रक लिहायला गजूभाऊंनीच शिकवलं. पहिल्या ओळीत मेलेला माणूस, दुसऱ्या ओळीत त्याला मारणारा, तिसऱ्या ओळीत मागणी. पुढचं कोणी वाचत नाही.

मी सकाळपासून कोरा कागद घेऊन बसलेय आणि पहिली ओळ लिहिता येत नाही. तुझ्यामुळे. होतीस तेव्हा माझ्या पत्रकातले शब्द खोडायचीस, आता गेलीस तर शब्द लिहूच देत नाहीस. हा काय प्रकार आहे?

मला राग आलाय, हे आधी सांगून टाकते. लोक भेटायला येतात, डोक्यावरून हात फिरवतात, पोरगी दुःखात आहे म्हणून हळू आवाजात बोलतात. दुःखात आहेच. पण त्याहून जास्त चिडलेय. भांडण अर्धं टाकून माणूस असा उठून जातो का?

पत्रक परवा झरी जामणीकडे न्यायचं आहे, फळीवर. तुला फळी दाखवायची राहिली. जंगलात पहाटे तोडलेली तेंदूची पानं बाया घरी आणतात, पुडे बांधतात आणि मग ते डोक्यावर घेऊन ज्या उघड्या मैदानात ठेकेदाराचा मुन्शी मोजून घेतो, ती फळी. मोजणी भर दुपारी. का, तर मुन्शीला संध्याकाळी घरी जायचं असतं. झाड नाही, मांडव नाही, पाण्याचा रांजण नाही. बाया रांगेत उभ्या. वैशाखात. आमची मागणी एवढीच: मोजणी ऊन उतरल्यावर करा, सावली करा, पाणी ठेवा. एवढ्याशा गोष्टीसाठी पत्रक काढावं लागतं याचीच खरं तर लाज वाटायला हवी कोणाला तरी.

आणि तेंदूचा हंगाम तुझ्या तेरवीसाठी थांबणार नाही. बाबा म्हणाले, "सुतकात कुठं चालली? तेरवी होऊ दे." मी म्हटलं, "बाबा, तेरवीपर्यंत पानं संपून जातीन." ते खुंटीवरच्या तुझ्या त्या रबरी पंख्यांकडे बघत बसले. पायात घालून पोहायचे, ते. सुपाशेजारी लटकलेले. इतकी वर्षं लक्षद्वीपच्या बेटांवर पोवळ्यांचा अभ्यास करून आलीस आणि घरात समुद्राचं म्हणून एवढंच आणलंस. शेजारच्या काकूंनी किती दिवस मागे लागून विचारलं होतं, "एखादं पोवळं तरी आणाचं होतं वं, मंगळासाठी." तू म्हणालीस, "काकू, तुमचं अंगठीतलं लाल पोवळं येगळं, खोल पाण्यातलं. माह्यं येगळं. अन् माह्यं आणलं तं मले पोलीस नेईन." काकूंना शेवटपर्यंत वाटत राहिलं, तू कंजूषपणा केलास.

मलाही तुझं पोवळं कळायला वेळ लागला. दगड वाटायचा, मग झाड वाटायचं. तू वैतागायचीस. "प्राणी हाय तो, मने! तोंड हाय, पोट हाय. नखाएवढा नाही अन् हजारोंनी चिकटून राह्यतात. खाली स्वतःच चुन्याचं घर बांधतात."

आणि मग तो उन्हाळा, मी नुकती समितीत जायला लागले होते, तू गच्चीवर वाळवणाचे पापड उलटवत होतीस आणि मला विचारत होतीस की या पोवळ्याचं पोट कशावर भरत असेल. मी म्हटलं, समुद्रात मासे कमी आहेत का.

"बटई माहीत हाय ना, वाट्यानं केलेली शेती? तेच. पोवळ्याच्या अंगात, पेशीच्या आत, बारीक शैवाल राह्यते. जागा पोवळ्याची, खतही त्याचंच, म्हणजे जे तो बाहेर टाकते ते. शैवाल उन्हावर साखर बनवते अन् त्यातला मोठा वाटा मालकाले देऊन टाकते."

"किती मोठा?"

"बहुतेक सगळाच."

"मग हे शोषण आहे आत्या."

तू हातातला पापड खाली ठेवलास आणि इतकी हसलीस की खालून बाबांनी विचारलं काय झालं. "पाह्य रे दादा," तू ओरडलीस, "तुह्या पोरीनं समुद्रात संप पुकारला!"

पण संप खरंच होतो, हे तूच सांगितलंस. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या डिग्रीनं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं साखरेचं काम बिघडतं. ऊन पडतच असतं, ते वापरता येत नाही, मग साखरेऐवजी विष तयार होतं, पेशी जाळणारं. पोवळ्याच्या अंगात प्रथिनं वाकडी होऊ लागतात, ती सरळ करायला दुसरी प्रथिनं धावतात. अंगावर चिकट स्राव सुटतो. शेवटी शैवाल बाहेर पडतं. रंग त्या शैवालाचा होता. तो गेला की कातडी काचेसारखी होते आणि आतला चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो. पांढराफेक.

"ते दुरुस्ती करणारं प्रथिन आपल्यातही हाय बरं," तू म्हणालीस. "तुह्यात, माह्यात. त्या बाबतीत पोवळं आपल्या नात्यातलं. पण दुरुस्ती फुकट होत नाही. पोटात काही असावं लागते. अन् शैवाल गेलं म्हणजे घरची चूलच गेली."

मी तेव्हा विचारलेलं तुला आठवत असेल. शैवालाला पोवळं हाकलतं, की शैवाल स्वतः सोडून जातं? तू म्हणालीस, दोन्ही दिसतं, अजून पूर्ण ठरलेलं नाही, अभ्यास करणारे भांडतायत. मी म्हटलं, ठरायचं काय आहे, सोडून जातं. राबणारा कधीतरी उठून जातोच. तू म्हणालीस, "तुले जे पाह्यजे ते तू पाहून राह्यली." मी म्हटलं, "तुले जे दिसते ते तू बोलत नाहीस." झालं. तेव्हापासून हे भांडण चालू होतं. पोळ्या लाटताना, बसस्टँडवर, एकदा तर दवाखान्याच्या रांगेत. तू गेलीस, ते चालूच आहे. मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते आता.

आणि मी तुला चिडवायचे ते वेगळंच. "एका डिग्रीनं काय होते वं आत्या? आपल्या वणीत सकाळ अन् दुपारमधी केवढा फरक पडते, कोणी पांढरं पडत नाही. तुह्यं पोवळं लाडावलेलं हाय."

"आपल्याले रात्री गारवा भेटते," तू म्हणालीस. "समुद्र तापला का रात्रीही तापलेलाच. त्याले एका दिवसाचं ऊन मारत नाही मने. सुट्टी न भेटणं मारते."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही, डोक्यातून जातच नाही.

महागावचा बाजार मात्र आठवला की अजून हसू येतं आणि मग लगेच येत नाही. उन्हाच्या प्रश्नावर आम्ही बाजारात फ्लेक्स लावणार होतो. मी तुझ्याकडून पांढऱ्या पडलेल्या पोवळ्यांचा फोटो मागून घेतला, मोठा छापला. वर माझी घोषणा: समुद्रात पोवळं मेलं, रानात माणूस मरतो! तू बघायला आलीस. फ्लेक्ससमोर शेतकऱ्यांची ही गर्दी. मला वाटलं, जिंकलं आपण.

पहिल्या माणसानं विचारलं, "कोणतं वाण व्हय हे?"

दुसरा म्हणाला, "पाह्य ना कसा फुटला! एका झाडाले बोंडं किती धरली."

"वेचाले किती बाया लागतीन याले," तिसरा.

त्यांना कापूस दिसत होता, आत्या. पांढरंशुभ्र, फांदीफांदीला लगडलेलं, वेचणीला आलेलं रान. आपल्या जिल्ह्यात पांढरं म्हणजे चांगलं वर्ष. पांढरं म्हणजे पोरीचं लग्न, विहिरीवरच्या मोटरला नवा पाइप. आम्ही उपाशी पडलेल्या जिवांचा फोटो लावला होता आणि लोक बियाण्याचं दुकान विचारत होते. गजूभाऊ कपाळाला हात लावून चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तू टपरीच्या बाकावर पोट धरून हसत होतीस. मग उठलीस, फ्लेक्सपाशी गेलीस आणि वर्गात बोलतेस त्या आवाजात म्हणालीस:

"दादा, हे फुटलेलं बोंड नाही. हे पातेगळ झालेलं झाड हाय."

पातेगळ म्हटल्यावर कापूसवाल्याला दुसरं सांगावं लागत नाही. पाऊस लागून राहिला किंवा ताण पडला की झाड स्वतःची पाती, म्हणजे कळ्या, गाळून टाकतं, जेवढं झेपेल तेवढंच ठेवतं. तू लगेच फरकही सांगितलास. झाड फळ टाकतं, पोवळं आपला अन्नदाताच गमावून बसलंय. एकानं विचारलं, "मंग मेलं का हे?" मी घोषणेकडे बोट दाखवून "हो" म्हणणार, तेवढ्यात तू म्हणालीस, "नाही. अजून जिवंत हाय. अंगातली चरबी खाऊन राह्यलं. रात्री हात बाहेर काढून मिळन ते धरते. पाणी लवकर निवलं तं शैवाल पुन्हा येते, रंग येते. नाही निवलं तं मंग मरते."

"मंग हे तुमी मेलं काहून लिवलं?"

सगळ्या बाजारासमोर. माझ्या घोषणेखाली. मी तुझ्याशी परतीच्या एसटीत एक शब्द बोलले नाही. वणी जवळ आली तेव्हा तूच बोललीस.

"मेलं म्हटलं का लोक काय करतात?"

मी खिडकीबाहेर बघत होते.

"आंघोळ करतात अन् मोकळे होतात, मने. मयताहून आल्यावर करतात तशी. पांढरं पडलं म्हटलं, तं अजून काही कराले वेळ हाय. तू लोकायची सुटका करून राह्यली."

मी तेव्हा म्हणाले होते, बारीक अक्षरातलं सत्य गरिबाला परवडत नाही. म्हणाले होते, तुम्ही शास्त्रवाले खात्री होईपर्यंत थांबता आणि तोवर माणसं जळतात. अजूनही हे खोटं वाटत नाही मला. गजूभाऊही काल तेच म्हणाले, माझ्यापेक्षा बरं.

"मॅडम आपल्याच होत्या ना? त्यायच्या नावानं चार बायायले सावली भेटली तं त्यायले वाईट वाटन का?"

"पण ऊन लागून गेली का, हे आपल्याले माहीत नाही भाऊ."

"तुले काय वाटते?"

काय वाटतं. मला काय वाटतं ते सांगू? वरच्या मजल्यावर तुझी खोली, डोक्यावर नुसता स्लॅब, भिंत पश्चिमेची. कूलरची मोटर जळली, तू म्हणालीस बघू नंतर. रात्री गारवा पडेना. झोप नाही, जेवण नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, रक्तदाब आधीपासून होता. असेल. पण मला वाटतं, त्या रात्रींनी नेलं तुला. सुट्टी न मिळणं.

आणि तू जायच्या आधीचा तो दिवस. खाली आमच्याकडे आलीस ती पिवळीजर्द साडी नेसून. बाबांची खेचलीस, मला म्हणालीस लग्न कर म्हणजे पत्रकं कमी होतील, भराभर बोलत होतीस, डोळे चमकत होते. आमरसाची वाटी चाखलीस आणि पुढे सरकवलीस. मला वाटलं, वा, आज आत्या बरी आहे. तूच सांगितलं होतंस की काही पोवळी पांढरी पडायच्या बेतात असताना एकदम झळकतात, गुलाबी, निळी, जांभळी. कडक उन्हापासून वाचायला स्वतःवर रंग चढवतात आणि वरून बघणाऱ्याला वाटतं समुद्र फुलला. ते मला त्या दिवशी आठवलं नाही. आता सारखं आठवतं.

बघ, मीही काय करतेय. सगळीकडे तुझंच पोवळं बघतेय. एका साडीवरून निदान करतेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एका पोवळ्यावरून अख्खा खडक सांगू नको." रक्तदाबाच्या गोळ्या, वय, तो चढता जिना, सगळं समोर मांडलं असतंस. आणि शेवटी, "माहीत नाही" असं स्वच्छ म्हणाली असतीस. तू हे दोन शब्द इतक्या सहज म्हणायचीस की मला हेवा वाटायचा. आमच्यात ते म्हणायची सोय नाही.

मी गजूभाऊंना सांगितलं, फोटो नाही टाकायचा.

"काहून?"

"उन्हाचा बळी लिहिलं का लोक हळहळतीन. मुन्शीही हळहळीन. अन् आंघोळ करीन."

त्यांना काही कळलं नाही. चिडले. पुरावा कायले मागते, ठेकेदार देते का कधी पुरावा, असं बरंच. मग म्हणाले, बिना मेलेल्या माणसाचं पत्रक कोण वाचते, लिहून दाखव. म्हणून सकाळपासून बसले होते, आता कुठे लिहून झालं. तुला आवडलं नसतंच, तू काहीतरी खोडलं असतंस. असं आहे:

"फळीवर उभ्या असलेल्या बायांना अजून काही झालेलं नाही. होऊ द्यायचं नाही. डोकं ठणकणं, लघवी लाल होणं, जेवण न जाणं, रात्री झोप न येणं हे नशीब नव्हे. शरीर सांगतंय की थांबा. वेळेवर थांबलं तर माणूस सावरतो. मोजणी ऊन उतरल्यावर करा. सावली करा. पाणी ठेवा. आज करा."

इथवर लिहून ठेवलं होतं. आता फळीवरून परत आलेय, पायांची आग अजून गेली नाही.

फळीवर गेलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रांगेत पुढेच भीमाबाई होत्या, दर हंगामात असतात, आम्हाला ओळखतात. डोक्यावर पुड्यांचं ओझं, पदर ओठांत धरलेला. मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नाही, पण आमचे कागद ओळखू येतात; वरची काळी चौकट शोधली त्यांनी. नव्हती.

"कोन मेलं?"

आत्या, तुझं सुतक अंगावर घेऊन मी तिथे उभी होते.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मंग कायले आली?"

"म्हणूनच आले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, वाच. मी वाचलं, तुझ्यासारखं, घोषणा न देता. लघवीचं वाचल्यावर मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि दुसरी म्हणाली, "हसू नको, तुह्यीच सांगून राह्यली ते." मग एकीनं सांगितलं की तिला चार दिवस झोप नाही. दुसरीनं सांगितलं, पोटरीत गोळे येतात. मुन्शी ओरडला, "बाई, मोजणीच्या टायमाले भाषण नाही पाह्यजे." भीमाबाईंनी ओझं खाली उतरवलं. मैदानाच्या कडेला लांबवर एकच मोहाचं झाड आहे, तिकडे चालू लागल्या. ओझं तिथेच. मग मागची गेली. मग रांगच गेली. मुन्शी वही उघडून मैदानात एकटा, त्याच्याभोवती पुडे आणि ऊन. कोणी कोणाला हाकललं नव्हतं. त्या उठल्या आणि गेल्या. मी डोळ्यांनी पाहिलं, आत्या. आपल्या भांडणातली माझी बाजू लिहून ठेव कुठेतरी.

ऊन उतरल्यावर मोजणी झाली. उद्या होईल का माहीत नाही. ठेकेदार मुन्शीला काय म्हणाला तेही माहीत नाही.

परतताना गजूभाऊ गाडीत म्हणाले, झालं, आता जंगलातल्या सगळ्या फळ्या अशाच उठतीन. तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू आलं होतं: एका फळीवरून जंगल सांगू नको.

नाही सांगत. सकाळी पुढच्या फळीवर जाते.